सामाईक होडीचा करारनामा

खनिज वाहणाऱ्या बार्जींची ये-जा ज्या सुर्ल्याच्या तीराने वर्षानुवर्षे पाहिली, त्या तीरासमोरचे मांडवीचे पात्र २०१२ सालच्या खाणबंदीने, आणि पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यामुळे, बराच काळ शांत राहिले. आणि अशा पात्रात सायंकाळच्या भरतीबरोबर वल्हवीत जावे, गळ टाकावा, पैलतीरीची झाडी पाहत बसावे, अशी इच्छा गावातील चार-सहा मित्रांच्या मनात उत्पन्न झाली, तर ती अत्यंत स्वाभाविक म्हटली पाहिजे. एकट्याच्या ऐपतीबाहेरची होडी त्यांनी वर्गणी काढून सामाईक घ्यावी, हेही सर्वथा योग्य आहे. माझे म्हणणे एवढेच की, होडीचा विसार देण्यापूर्वी करारनामा व्हावा आणि तो मित्रांनी स्वहस्ते, स्नेह शाबूत असतानाच, लिहून काढावा.

मित्रामित्रांत कागद कशाला, असा प्रश्न सद्भावनेने विचारला जातो. परंतु आपल्या गावगाड्याची वहिवाट त्याच्या उलट आहे. गोव्यातील गावकरी संस्थेने शेते, बांध आणि मानशी शतकानुशतके सामाईक राखल्या, त्या प्रत्येक घराचा हक्क, हिस्सा आणि कर्तव्य ठरलेले होते म्हणून. १५२६ साली आफोंसो मेशिया याने ‘फोराल’ नावाच्या सनदेत गावकऱ्यांचे रीतिरिवाज नोंदविले, तेव्हा ते रिवाज पूर्वीपासूनच चालत आलेले होते. समुद्रकाठच्या रापणीतही मासळी वाळूवर येताच जाळ्याचा, होडीचा आणि दोर ओढणाऱ्या हातांचा वाटा वेगवेगळा निघतो, आणि तो मागताना कोणासही संकोच वाटत नाही.

आपल्याच डिचोली तालुक्यात, साखळीजवळच्या विठ्ठलापूर येथे, त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटीच्या पाण्यात तरुणांनी मिळून सजविलेल्या नौका सोडल्या जातात, आणि त्यांत कोणाचा किती पैसा, किती श्रम गेला याचा हिशेब कोणी मागत नाही, हे खरे. परंतु ती नौका एका रात्रीची असते. लाकडाची होडी दहा-पंधरा वर्षे टिकते. तेवढ्या अवधीत एकाचा विवाह होतो, दुसरा नोकरीनिमित्त मुंबईस जातो, तिसऱ्याचे दिवस पालटतात, आणि कलहाचे बीज नेमके या टिकाऊपणात असते.

त्यातही खरा प्रश्न किमतीचा नसून निगराणीचा आहे. उन्हाळ्यात भरतीचे खारे पाणी वर चढते आणि लाकूड पोखरणारा किडा आपले काम सुरू करतो. पावसाळ्यापूर्वी होडी ओढून काठावर घ्यावी लागते, पालथी घालून शाकारावी लागते, सांधे बुजवून तिला काजूच्या टरफलांचे तेल द्यावे लागते. इंजिन बसविले असेल तर त्याची दुरुस्ती निराळीच. हे सर्व कोण करतो? जो गावात राहतो तो. पणजीहून रविवारी येणारा मित्र आपला हिस्सा वेळेवर पाठवितो आणि तेवढ्याने ऋणमुक्त झालो असे प्रामाणिकपणे समजतो. इकडे, मुसळधार पावसात मध्यरात्री दोर घट्ट करण्यास धावणारा मित्र काही बोलत नाही, आणि त्याच्या मौनाचे हळूहळू मनस्तापात रूपांतर होते. म्हणून जमाखर्चाच्या वहीत रोख रकमेप्रमाणेच श्रमही जमेस धरले जावेत, आणि त्यांचे मोल आरंभीच ठरावे. या एका कलमाबद्दल माझा आग्रह इतर सर्व कलमांहून अधिक आहे.

बाहेर पडू इच्छिणाऱ्याचे काय, याचाही निकाल आधी लागलेला बरा. गोव्यात लागू असलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत, अविभाज्य वस्तूचा हिस्सा परक्यास विकण्यापूर्वी त्याच किमतीस तो घेण्याचा पहिला हक्क सहमालकांस दिलेला होता; ते तत्त्व होडीच्या करारात जसेच्या तसे घ्यावे, फक्त किंमत ठरविणारा तिऱ्हाईत इसम आणि पैसे देण्याची मुदत यांची त्यात भर घालावी. मोठ्या जहाजांच्या बाबतीत तर इंग्रजी कायद्याने मालकीचे ६४ आणि आपल्या १९५८ च्या कायद्याने १० हिस्से कल्पिले. होडी लहान म्हणून तिची मालकी मोघम ठेवावी, हे मला मुळीच पटत नाही. कारण अपघात घडला, एखादा पाहुणा बुडाला, तर ज्याच्या एकट्याच्या नावावर नोंद असेल, त्यालाच प्रथम जाब विचारला जातो.

यास्तव बंदर कप्तान खात्याने सामाईक होडीच्या करारनाम्याचा एक नमुना मराठीत आणि कोकणीत छापून नोंदणीच्या अर्जाबरोबर द्यावा, आणि नदीकाठच्या पंचायतींनी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवण्यासाठी काठावरची थोडी जागा राखून ठेवावी. दोन्ही कामांस खर्च अल्प आहे, आणि येत्या पावसाळ्यापूर्वी ती होऊ शकतात.