चेहरे आपले, गोष्ट कुणाची? ‘हॅमिल्टन’ला पडलेल्या टाळ्यांच्या निमित्ताने

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना. पण कोणत्या लोकांना? काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी ज्यांनी झीज सोसली त्यांना. जोतीरावांनी वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन या अमेरिकेच्या ‘राष्ट्रपित्यां’पुढे हात जोडले नाहीत. त्या देशातून काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आज दीडशे वर्षांनी आमच्या तरुण मित्रांच्या मोबाइलवर जी अमेरिका पोहोचली आहे, ती नेमकी त्या राष्ट्रपित्यांची आहे. फरक इतकाच, की आता ते काळ्या आणि तपकिरी चेहऱ्यांनी येतात आणि रॅप गातात. लिन-मॅन्युएल मिरांडा यांचे ‘हॅमिल्टन’ हे संगीत नाटक २०२० च्या जुलैमध्ये चित्रफितीच्या रूपाने घरोघरी आले. तेव्हापासून आमच्या अभ्यासवर्गांत एक वाक्य वारंवार ऐकू येते : “बाबासाहेबांवर असा एक प्रयोग व्हायला पाहिजे.”

व्हायला पाहिजे, जरूर व्हायला पाहिजे. पण ‘असा’ म्हणजे कसा? तो शब्द तपासून घेतल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही.

आधी थोडी माहिती. रॉन चर्नाव यांनी २००४ साली लिहिलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनच्या चरित्रावर हे नाटक उभे आहे. १२ मे २००९ रोजी व्हाइट हाउसमध्ये मिरांडांनी त्यातले पहिले गाणे सादर केले. अमेरिकेच्या पहिल्या अर्थमंत्र्यावर आपण हिप-हॉप लिहीत आहोत असे त्यांनी सांगताच समोरचे लोक हसले. गाणे संपल्यावर तेच लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. या नाटकाचा पुढचा सगळा प्रवास म्हणजे त्या हसण्यापासून त्या टाळ्यांपर्यंतचा प्रवास आहे.

ब्रॉडवेची एक रीत आहे. नाटक अधिकृतपणे उघडण्याआधी काही आठवडे त्याचे ‘प्रीव्ह्यू’ प्रयोग होतात. तिकीट लावूनच, पण नाटक अजून पक्के झालेले नसते. समीक्षकांची परीक्षणे नंतर छापली जातात. या दिवसांत प्रेक्षक कुठे हसतो, कुठे चुळबुळतो, कुठे टाळी देतो हे पाहून प्रसंग कापले जातात, गाणी हलवली जातात. म्हणजे प्रीव्ह्यूचा प्रेक्षक हा एक प्रकारे सहलेखकच असतो. ‘हॅमिल्टन’चे ब्रॉडवेवरचे प्रीव्ह्यू १३ जुलै २०१५ ला सुरू झाले आणि ६ ऑगस्टला नाटक अधिकृतपणे उघडले. मधल्या काळात, १८ जुलैला, खुद्द राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा मुलींना घेऊन प्रयोग पाहून गेले. पुढे त्यांनी गमतीने म्हटले, की डिक चेनी आणि आपले एकमत होते ते फक्त याच नाटकावर. मित्रांनो, हा विनोद नीट ऐका. ज्या नाटकावर ओबामा आणि चेनी दोघेही खूश आहेत, त्या नाटकाने नेमके कुणाला दुखावले असेल?

टाळ्यांकडे या. स्थलांतरित लोक काम फत्ते करून दाखवतात अशा अर्थाची एक ओळ हॅमिल्टन आणि लाफायेत यांच्या तोंडी आहे. तिला इतक्या टाळ्या पडत, की संगीतात तेवढी जागा वाढवून ठेवावी लागली. ऐकायला किती छान! पण हॅमिल्टन आला होता कुठून? कॅरिबियन बेटांवरून, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या एका वसाहतीत जन्मून दुसऱ्या वसाहतीत. पोरवयात तो जिथे कारकून होता, त्या व्यापारी पेढीच्या मालात जहाजाने आणलेली आफ्रिकन माणसेही असत. ती माणसेही समुद्र ओलांडूनच आली होती. त्यांना कुणी स्थलांतरित म्हणत नाही. त्यांच्या ‘काम फत्ते करण्याला’ टाळी पडली नाही, चाबूक पडला.

दुसरी टाळी हर्क्युलस मलिगनची. हा न्यूयॉर्कचा शिंपी इंग्रज अधिकाऱ्यांचे कपडे शिवता शिवता त्यांच्या बातम्या वॉशिंग्टनपर्यंत पोहोचवत असे. नाटकात तो उसळून वर येतो आणि प्रेक्षागृह दणाणते. पण जीव धोक्यात घालून त्या बातम्या वाहून नेणारा होता केटो, मलिगनचा काळा गुलाम. लायरा मॉन्टेरो या इतिहासकार बाईंनी २०१६ च्या आपल्या लेखात हेच दाखवून दिले. मलिगनची भूमिका काळ्या नटाला मिळाली, आणि खरा काळा माणूस मात्र नाटकातून गळाला.

आता यादीच करू. १७९९ मध्ये वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मालमत्तेवर ३१७ गुलाम होते. ओना जज ही वॉशिंग्टनच्या घरातली एक गुलाम तरुणी. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असतानाच १७९६ मध्ये ती फिलाडेल्फियातून निसटली आणि पकडायला माणसे पाठवली तरी परत गेली नाही. नाटकात ती नाही. जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. त्याच्या सहा मुलांची आई असलेल्या सॅली हेमिंग्जचे नाव नाटकात येते ते एकदाच, काम सांगण्यापुरते. हॅमिल्टनची सासुरवाडी म्हणजे ऑल्बनीचे स्कायलर घराणे. त्या घरच्या तीन बहिणींच्या गाण्यावर जगभरच्या मुली नाचतात. त्या घरातल्या गुलामांचे एक अक्षर नाही. खुद्द हॅमिल्टनविषयी स्कायलर मॅन्शनमधल्या संशोधक जेसी सर्फिलिप्पी यांनी २०२० मध्ये त्याच्याच हिशेबाच्या नोंदी काढून मांडले, की तो घरी गुलाम बाळगत होता आणि सासरच्यांसाठी त्यांचे व्यवहारही करत होता. चर्नाव यांना हे मान्य नाही, ते त्याला गुलामगिरीविरोधकच मानतात. वाद चालू राहू द्या. पण नाटक पाहणाऱ्याला असा काही वाद आहे याचा पत्ताही लागत नाही.

कुणी म्हणेल, नाटकात गुलामगिरीचा उल्लेख आहे की! आहे. जॉन लॉरेन्सच्या काळ्या पलटणीच्या स्वप्नाचा उल्लेख आहे. पण लॉरेन्सच्या मृत्यूचा छोटा प्रवेश रंगमंचावर होतो, कोट्यवधी लोकांनी ऐकलेल्या ध्वनिमुद्रणात तो नाही. आणि गुलामगिरीवर मंत्रिमंडळात थेट वाद होतो असे एक अख्खे गाणे मिरांडांनी लिहिले होते. ते नाटकातून कापले गेले आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये एका वेगळ्या संग्रहात कच्च्या स्वरूपात बाहेर आले. कारण काय, तर कथा पुढे जात नव्हती. इथेच सगळे आले. कथा राष्ट्रपित्याची ठरली, की गुलाम हा कथेतला अडथळाच होतो.

हे सगळे सांगणारे लोक तेव्हाही होते. इश्माएल रीड या ज्येष्ठ काळ्या लेखकाने २०१५ च्या ऑगस्टमध्येच, नाटक नुकतेच उघडलेले असताना, कडाडून टीका केली. पुढे २०१९ मध्ये त्यांनी एक उत्तर-नाटकच लिहिले. त्यात गुलाम आणि मूलनिवासी मिरांडांपुढे उभे राहून जाब विचारतात. टाळ्यांच्या गजरात हा आवाज किती जणांनी ऐकला? २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, मिरांडांनी टीका रास्त असल्याचे जाहीरपणे मान्य केले. तोवर ११ टोनी पुरस्कार आणि पुलित्झर पदरात पडून चार वर्षे झाली होती.

टाळ्यांनी काय घडते, असे विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जून २०१५ मध्ये, प्रीव्ह्यू सुरू होण्याच्या थोडे आधी, अमेरिकन सरकारने जाहीर केले होते की १० डॉलरच्या नोटेवर हॅमिल्टनऐवजी एका स्त्रीचे चित्र येईल. एप्रिल २०१६ मध्ये निर्णय फिरला. नाटकाच्या लोकप्रियतेच्या लाटेत हॅमिल्टन जागेवरच राहिला. गुलामगिरीतून पळून जाऊन पुन्हा पुन्हा परत येऊन इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनला २० डॉलरच्या नोटेचे आश्वासन मिळाले. २०१९ मध्ये ते लांबणीवर पडले. हॅमिल्टन खिशात आहे, टबमन अजून रांगेत.

दुसरी गोष्ट. १२ जून २०१६ ला या नाटकाने टोनी पुरस्कारांची रास लावली. त्याच जून महिन्यात ऑल्बनीजवळ १४ माणसांचे दफन झाले. २००५ मध्ये स्कायलर घराण्याच्या जुन्या शेतजमिनीवर खोदकाम करताना त्यांचे सांगाडे सापडले होते. ते गुलाम होते, त्यात लहान मुले होती, आणि त्यांची नावे कुणालाच माहीत नाहीत. एकाच महिन्यात एका घराण्याच्या लेकींना टाळ्या, आणि त्या घराण्याच्या जमिनीत निनावी पुरलेल्यांना दोनशे वर्षांनी मूठमाती.

याचा अर्थ चेहरे बदलण्याला किंमत नाही असा आम्ही घेत नाही. काळ्या-तपकिरी नटांना ब्रॉडवेवर मुख्य भूमिका मिळणे ही मोठी गोष्ट आहे. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना हाच मुद्दा मांडला होता, की नुसत्या मतांचे प्रतिनिधित्व पुरत नाही, माणूसही आमचा हवा. पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांच्या राखीव जागा १४८ पर्यंत वाढल्या, पण शेवटची निवड संयुक्त मतदारसंघाच्या, म्हणजे सवर्ण बहुसंख्येच्या हाती गेली. चेहरा आमचा, पसंती त्यांची. अशा जागेवर निवडून येणारा माणूस कुणाचे ऐकतो, हे त्यांनी १९४५ च्या ग्रंथात काँग्रेसचा हिशेब मांडून दाखवले. ‘हॅमिल्टन’ हा रंगमंचावरचा पुणे करार आहे. जागा वाढल्या, पण कुणाची गोष्ट सांगायची हा निर्णय हलला नाही. त्या काळी ब्रॉडवेच्या प्रेक्षकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश गोरे होते आणि या नाटकाच्या सर्वांत महागड्या तिकिटाची किंमत ८४९ डॉलरवर गेली होती. पसंती कुणाची चालणार, हे वेगळे सांगायला नको.

त्या नाटकातून शिकण्यासारखी एक गोष्ट मात्र जरूर आहे, आणि तिची चर्चा फार कमी झाली. ज्या कलावंतांनी तालमींच्या काळात घाम गाळून नाटक घडवले, त्यांनी संघटित होऊन नफ्यात वाटा मागितला आणि २०१६ मध्ये मिळवला. हे खरे प्रतिनिधित्व! टाळी रात्री विरते, वाटा हातात राहतो.

आता आपल्या दारात येऊ. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दिल्ली सरकारने जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर बाबासाहेबांच्या जीवनावर भव्य संगीत नाटक केले. प्रचंड रंगमंच, प्रवेश मोफत, बाबासाहेबांच्या भूमिकेत रोहित रॉय. आपले लोक आनंदले, आणि तो आनंद खोटा नव्हता. पण त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला दिल्लीतल्या धम्मदीक्षा सोहळ्यात बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या. त्या सोहळ्यात त्याच सरकारचे समाजकल्याणमंत्री राजेंद्र पाल गौतम उपस्थित होते. गहजब झाला आणि चार दिवसांत गौतम यांनी राजीनामा दिला. मार्चमध्ये फिरत्या रंगमंचावर शोभणारे बाबासाहेब ऑक्टोबरमध्ये प्रतिज्ञा होऊन आले, तर ते सत्तेला पेलत नाहीत. अडचण असते ती पुतळा बोलू लागल्यावर.

आपल्याकडे दुसरी परंपरा आहे, आणि ती ब्रॉडवेपेक्षा कमी नाही. भीमराव कर्डकांचा जलसा आठवा. लिहिणारे आपले, गाणारे आपले, ऐकणारे आपले, आणि विषयही आपणच ठरवलेला. तिकिटाचा प्रश्न नाही, समीक्षकाची वाट पाहणे नाही. समोर बसलेल्या वस्तीला पटले नाही, तर ती तिथेच बोलून दाखवी. जलशाने लोकांना बाबासाहेबांचे गुणगान तर ऐकवलेच, पण मेलेले जनावर ओढू नका, पोरांना शाळेत घाला, हेही ऐकवले. ऐकून माणूस घरी गेला, की त्याला काहीतरी सोडावे लागे आणि काहीतरी धरावे लागे.

हॅमिल्टन ज्या किंग्ज कॉलेजात शिकला, त्याचेच पुढे कोलंबिया विद्यापीठ झाले. त्याच्या नावाची इमारत तिथे आहे. १९१३ ते १९१६ बाबासाहेब त्याच विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेत पत्र लिहिले ते डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना. काळ्या जनतेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली. जोतीरावांनी निवडलेली अमेरिका आणि बाबासाहेबांनी निवडलेली अमेरिका एकच होती.

म्हणून उद्या कुणी बाबासाहेबांवर संगीत नाटक घेऊन आले, सरकार असो, कंपनी असो वा आपलाच एखादा हौशी संच असो, तर पहिल्या प्रयोगाला आम्ही जाणारच. जाताना तीन प्रश्न बरोबर नेऊ. एक, कथा कोण लिहितो आणि पैसा कुणाचा? दोन, महाडचे तळे, मनुस्मृतीचे दहन, पुणे करार, हिंदू कोड बिलाचा राजीनामा आणि २२ प्रतिज्ञा यांतले काय कापले, आणि ‘कथा पुढे जात नव्हती’ हे कारण कुणी दिले? तीन, रमाई, चवदार तळ्यावर डोकी फोडून घेतलेले निनावी लोक, समता सैनिक दलाचे सैनिक यांना नाव आणि तोंड आहे का, की ते नुसते मागे नाचतात?

उत्तरे समाधानकारक असतील तर टाळ्या आमच्याच सर्वांत मोठ्या असतील. नसतील, तर नाटक कच्चे असतानाच, प्रेक्षकाचे ऐकले जाते त्याच दिवसांत, उठून प्रश्न विचारा. बक्षिसे मिळून गेल्यावर मिळालेल्या कबुलीचा कुणालाच उपयोग नसतो.

जय भीम!