रंगांची वाटणी आणि शब्दांची

महाराष्ट्रात रंगांची वाटणी केव्हाच होऊन गेली आहे. भगवा त्यांचा, हिरवा आमचा, निळा जयभीमवाल्यांचा, लाल कामगारांचा. पांढरा तेवढा पुढाऱ्यांच्या कपड्यांसाठी राखून ठेवला आहे. मिरवणूक कुणाची हे लांबून कळावं एवढ्यापुरती ही सोय चालूनही गेली असती. पण वाटणी झेंड्यांवर थांबली नाही. ती कपड्यांवर आली, घरांच्या भिंतींवर आली आणि आता शब्दांपर्यंत पोहोचली आहे. हा शब्द आमचा, तो तुमचा. आम्ही उर्दू शाळेत शिकवणारे या वाटणीच्या अगदी बांधावर उभे असतो. साहजिकच दोन्हीकडचे दगड आमच्या डोक्यात पडतात.

एक नमुना सांगतो. पाचवीतल्या एका मुलीने 'माझे घर' या निबंधात लिहिलं, 'आमच्या घराची भिंत सफेद आहे.' वह्या पाहायला आलेल्या एका साहेबांनी 'सफेद' खोडून 'पांढरी' केलं आणि समासात शेरा मारला, 'उर्दू शब्द टाळावेत.' शेरा लाल शाईत होता.

आता या लाल शाईचंच पाहू. 'लाल' हा फारसीतून आला. 'लाल' किंवा 'लअल' म्हणजे माणिक, बदख्शानच्या खाणींतून निघणारं रत्न. रत्नाचं नाव पुढे रंगाला पडलं. आणि 'शाई'? फारसीत 'सियाह' म्हणजे काळा, 'सियाही' म्हणजे काळेपणा. ती सियाही उर्दूत स्याही झाली आणि मराठीत घासून घासून शाई झाली. मूळ अर्थ धरून बसलं तर 'लाल शाई' म्हणजे 'माणकी काळेपणा'! शब्द टाळायचेच असते तर साहेबांना हा शेरा तांबड्या मषीने लिहावा लागला असता, आणि मषी कुठल्या दुकानात मिळते हे आम्हांला तरी ठाऊक नाही.

हे एका बाजूचं झालं. दुसरी बाजूही काही कमी नाही. मोहल्ल्यातले एक वडीलधारे बुजुर्ग शाळेत आले आणि म्हणाले, "पोरांना 'हिरवा' कशाला घोकून घेता? 'सब्ज' शिकवा, आपल्या तहजीबचा लफ्ज आहे." आम्ही त्यांना अदबीने विचारलं, "चाचा, उर्दूत काळ्याला काय म्हणतात? काला. पिवळ्याला? पीला. निळ्याला? नीला. हिरव्याला तुम्ही घरात रोज काय म्हणता? हरा." हे चारही शब्द संस्कृत-प्राकृताच्या घरचे आहेत. काला, पीला, नीला, हरा आणि आमचे काळा, पिवळा, निळा, हिरवा ही चुलत भावंडं आहेत, चेहरेसुद्धा तेच. रोजच्या बोलीतल्या मुख्य रंगांपैकी लाल आणि सफेद तेवढे उर्दूने फारसीकडून घेतले. तहजीबच्या नावाने बाहेरचे शब्द हाकलायला निघालो तर उर्दूच्या रंगपेटीत दोनच खडू उरतील. चाचा हसले, पण पटलं असं काही म्हणाले नाहीत.

ज्या दोन रंगांवरून सगळ्यात जास्त डोकी फुटतात त्यांच्या नावांचं गोत्र तर मोठं गमतीचं आहे. मुसलमानांचा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं तो 'हिरवा' थेट संस्कृत 'हरित'च्या वंशातला. आणि इंग्रजी वर्तमानपत्रं भगव्या राजकारणाला जो 'सॅफ्रन' शब्द वापरतात, तो अरबीतल्या 'जाफरान'चा नातू. अरबीतून तो युरोपच्या भाषांत शिरला आणि इंग्रजीत सॅफ्रन झाला. आमच्या ईदच्या शिरखुर्म्यात पडतो तोच जाफरान. वाटणी करणाऱ्यांनी शब्दांचे सातबारे तपासले असते तर त्यांना झेंडे अदलाबदल करावे लागले असते.

हिरवा 'आमचा' झाला तो तरी कधी? जन्नतींच्या पोशाखाचा रंग कुरआनात हिरवा सांगितला आहे, हे खरं. पण अब्बासी खलिफांचा रंग काळा होता आणि त्यांच्याशी वैर धरणाऱ्या फातिमींचा पांढरा. खलिफा मामूनने ८१७ साली काळा टाकून हिरवा घेतला आणि दोनच वर्षांत पुन्हा काळ्यावर आला. चौदाव्या शतकात मिसरच्या मम्लूक सुलतानाने सय्यद ओळखू यावेत म्हणून त्यांच्या पागोट्यांना हिरवी खूण लावायला लावली. मदिनेच्या गुंबदे-खजराला आज दिसतो तो हिरवा रंग एकोणिसाव्या शतकात मिळाला. त्याआधी त्या घुमटाने इतर रंगही पाहिले होते. म्हणजे रंगाला अर्थ येतो, जातो, पुन्हा येतो. आमच्या गल्लीत मात्र तो आदमपासून ठरल्यासारखा बोलला जातो.

पण शब्दाची खरी कथा ऐकायची तर निळ्याची ऐकावी. संस्कृतात 'नील' म्हणजे गडद निळा, काळपटही. नीळ देणारं झाड इथलं, ते कुजवून रंग काढायची विद्या इथली. माल इराणात गेला तसा शब्दही गेला आणि फारसीत 'नील' झाला. अरबांनी त्याला आपलं 'अल' उपपद लावलं. लिहायचं 'अल-नील' आणि वाचायचं 'अन्-नील', कारण नून हा शम्सी हर्फ. 'अन्-नास' वाचताना पोरांना आम्ही जो कायदा सांगतो, तोच इथे लागू. हा 'अन्-नील' अरबांबरोबर स्पेन-पोर्तुगालला पोहोचला आणि पोर्तुगीज भाषेत 'अनील' झाला. अरबी उपपद पोटात घेऊन! पोर्तुगीज जेव्हा आपल्या किनाऱ्यावर नीळ विकत घ्यायला उतरले तेव्हा ते आपलाच शब्द अरबी टोपी घालून आपल्याला परत दाखवत होते.

पुढची गोष्ट कडू आहे. १८४० साली फ्रित्शे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने नीळ तापवून तिच्यातून एक तेलकट द्रव काढला आणि पोर्तुगीज 'अनील'वरून त्याला 'ॲनिलीन' असं नाव दिलं. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या पर्किनला याच ॲनिलीनपासून जांभळट रंग मिळाला आणि कारखान्यांतल्या रंगांचं युग सुरू झालं. १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. इथल्या नीळवाल्यांचा धंदा बसला. चंपारणच्या गोऱ्या मळेवाल्यांनी तो तोटा वाढीव खंडाच्या रूपाने रयतेच्या गळ्यात मारला. वीस कठ्ठ्यांतल्या तीन कठ्ठ्यांत नीळ लावायची 'तीनकठिया'ची सक्ती आधीपासून होतीच. १९१७ साली गांधीजी तिथे गेले ते त्यासाठी. नीळ इथली, शब्द इथला, आणि शब्दाच्या नातवाने आजोबाचं घर मोडलं. याच ॲनिलीनच्या पुड्यांनी आल आणि मंजिष्ठ यांच्या मुळ्यांतून तांबडा काढणाऱ्या आमच्या रंगाऱ्यांचीही हांडी विझवली. भावसार रंगारी असो की मुसलमान रंगरेज, जर्मन पुडीने दोघांना एकाच मापाने मोजलं. त्यांच्या नावांतला 'रंग' तरी कुणाचा ठरवायचा? संस्कृतातही तो 'रंग'च आहे आणि फारसीतही 'रंग'च.

'किरमिजी'चंही असंच. ओकाच्या झाडावरच्या किड्याच्या माद्या वाळवून हा गडद तांबडा रंग काढत. संस्कृतातला 'कृमी' आणि फारसीतला 'किर्म' हे सख्खे भाऊ. त्यातून अरबी 'किर्मिज', आणि तिथून इंग्रजी क्रिम्सन आणि कारमाइन. किड्याला धर्म विचारायचं तेवढं बाकी आहे.

'गुलाब' हा तर आम्हां सगळ्यांचाच घोटाळा. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे फुलाचं पाणी, अत्तरदाणीतलं. आपण इकडे पाण्याचं नाव फुलाला दिलं, फुलाचं रंगाला दिलं, आणि पाण्याला नाव उरलं नाही म्हणून 'गुलाबपाणी' केलं. असे घोटाळे जिवंत भाषाच करते. पंढरीच्या वाटेवर उधळतात त्या अबिराचं नाव अरबी आहे. वारकऱ्याने ते कधी हुंगून पाहिलं नाही. पिवळ्या आलूला इराणी 'जर्द आलू' म्हणाला, आम्ही जर्दाळू खातो. फारसीत 'खाक' म्हणजे धूळ, त्या धुळीच्या रंगाची ती खाकी. पोलिसांनी घातली, पोस्टमनने घातली आणि २०१६ सालापर्यंत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या अर्ध्या चड्डीचाही रंग तोच होता. शुद्धीचा आग्रह धरणाऱ्या कित्येकांनी आयुष्यभर एक फारसी शब्द कमरेला बांधला. आम्ही हे हिणवायला सांगत नाही. पण मग आमच्या पाचवीतल्या पोरीच्या एका 'सफेद'ने कुणाचं काय बिघडलं?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही ऐकून घेतला पाहिजे. 'पांढरा' असताना 'सफेद' कशाला? 'तांबडा' असताना 'लाल' कशाला? परकी शब्द आले की घरचे मरतात, असं म्हणणारे सगळेच काही द्वेष्टे नसतात. 'पांढरा' आम्हांलाही हवा आहे. गावाची काळी आणि पांढरी, म्हणजे शेतं आणि वस्ती, हे 'सफेद'ने कधी सांगता येणार नाही. पहाटे तांबडं फुटतं, लाल फुटत नाही. कोल्हापूरचा रस्सा तांबडाच, पुण्याची जोगेश्वरी तांबडीच. पण किल्ला लाल, बावटा लाल आणि रागाने माणूस होतो तोही लालच. दोन्ही शब्दांना मराठीने वेगवेगळी कामं लावून दिली आहेत. आणि ज्या वर्गातून शुद्धीच्या चळवळी निघाल्या त्याचं स्वतःचं नाव काय? पांढरपेशा. अर्धा 'पांढरा' संस्कृतातल्या पांडुराच्या घरचा, अर्धा 'पेशा' फारसी. तो मधून चिरून दाखवा.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हे आम्हांला नेहमी ऐकवलं जातं. करवून घेतला, आणि त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. नवं राज्य आपल्या कारभाराला आपले शब्द शोधणारच. तो कारभाराचा कोश होता, बायकांनी लुगड्याचा रंग काय म्हणावा याचं फर्मान नव्हे. सावरकरांच्या भाषाशुद्धीने दिलेले 'दिनांक', 'महापौर' आम्हीही वापरतो. वर्गातल्या फळ्यावर आम्ही रोज दिनांक लिहितो आणि पोरांना तारीख विचारतो. माधव जूलियन यांचं उदाहरण तर डोळ्यांसमोर ठेवावं असं आहे. फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे, १९२५ साली फार्शी-मराठी कोश रचणारे. मराठीच्या अंगावर फारसीचं किती सोनं आहे हे ज्यांनी मोजून दाखवलं, तेच पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले आणि १९३८ साली त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. एवढ्या जाणत्या माणसाचं हे वळण आम्हांला आजही खटकतं. पण निदान त्यांनी आधी मोजलं होतं. आजचे शेरेवाले मोजतही नाहीत.

आणि आमचे लोक? दखनीत 'नक्को' म्हणतात, वाक्याला 'च' लावून जोर देतात, दोन्ही मराठीकडून उचललेलं, आणि वर मराठीला 'उनकी जबान' म्हणतात. कोकणात तर घरात उर्दूचा शब्दही नसतो, तरी शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा उर्दू. आम्ही उर्दूवर पोट भरणारी माणसं आहोत, उर्दू आमची जान आहे. म्हणूनच ही लबाडी आम्हांला जास्त लागते. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू असावी की नसावी हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने उर्दू राहू दिली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे हेही सांगितलं. आमच्या लोकांनी पेढे वाटले. मात्र तेच वाक्य मराठीलाही लागू पडतं, याची आठवण पेढे खाताना कुणाला झाली नाही. उर्दू फक्त मुसलमानांची नसेल, तर मराठी फक्त हिंदूंची कशी?

या भांडणात तिसराच घर लुटून चालला आहे. बालवाडीत रंगीत खडूंची पेटी उघडा. पोरं म्हणतात रेड, ब्ल्यू, येलो, पिंक. मराठी शाळेतलं पोर म्हणतं, उर्दू शाळेतलंही म्हणतं. आस्मानी म्हटलं तर तोंडाकडे बघतं. शेतकऱ्याचं 'अस्मानी-सुलतानी' त्याला परीक्षेपुरतं पाठ करावं लागणार. आमच्या पटावरची मुलं दरसाल इंग्रजी शाळेत जातात, शेजारच्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतलीही जातात. 'सफेद' की 'पांढरा' हा वाद आम्ही घालत बसलो आहोत आणि दारातून 'व्हाइट' आत आला आहे. त्याच्या समासात शेरा मारायची हिंमत अजून कुठल्या साहेबाने केलेली नाही, आणि आमच्या चाचांनाही त्याची तक्रार नाही. उलट नातू 'पिंक' म्हणाला की ते कौतुकाने पाहुण्यांना ऐकवतात.

यंदा आम्ही पाचवी ते सातवीच्या मुलांना एक काम दिलं. घरातल्या आजी-नानीला, गल्लीतल्या साडीवाल्याला, शिंप्याला विचारून रंगांची नावं आणायची, आणि इंग्रजी नाव आणायचं नाही. अंजिरी, बदामी, पिस्ता, फिरोजी, डाळिंबी, मोतिया, पोपटी, मोरपंखी, जांभळा, अबोली, चिंतामणी असे फळे भरले. कुठला फारसी, कुठला संस्कृत आणि कुठला इथल्याच झाडावरून किंवा पाखरावरून आला, हे शोधायला आम्हांला तीन तास पुरले नाहीत. सहावीतला एक मुलगा नानीकडून 'कासनी' घेऊन आला. कासनीच्या फुलाचा फिका जांभळट निळा. त्याने तो एकदा उर्दूत आणि एकदा देवनागरीत लिहिला आणि विचारलं, "सर, हा मराठीच्या पेपरात लिहिला तर मार्क कापतील का?"