नळातून आलेली गोदावरी

सातवाहनांची नाणी, पैठणी, नाथषष्ठी, नान खलियाची वाफाळती डेग. मागे बासरी आणि खाली ओळ : 'आम्ही गोदाकाठचे.' छत्रपती संभाजीनगरचं असं एखादं रील तुम्ही पाहिलं असेल, लाइकही केलं असेल. मीही केलंय. पण आपलं शहर गोदाकाठचं नाही.

गोदाकाठचं आहे ते पैठण, पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणहून भडोच बंदराला अकीक दगड गाड्या भरभरून जातात, अशी नोंद आहे. एकनाथांनी 1599 मध्ये देह ठेवला तो तिथेच, गोदेच्या काठी. आपलं शहर मात्र मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी म्हणून वसवलं, तेही खाम नदीपाशी. त्याला पाणी गोदावरीनं दिलं नाही. ते दिलं डोंगराच्या पोटातून आणलेल्या नहरींनी. नान खलियाचं नातं लोक तुघलकाच्या फौजेशी जोडतात, नदीशी नाही.

मग गोदावरी आपल्याकडे आली कशी? नळातून. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पैठणला धरणाची पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी ते देशाला अर्पण केलं. धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. जागा बदलली, नाव तेच राहिलं. नाथसागरात शंभराच्या आसपास गावांची घरं किंवा जमिनी गेल्या. दुष्काळी वर्षात पाणी खाली गेलं की जुन्या देवळांचे कळस आणि घरांचे पाये वर येतात. तेव्हा आपण तिथे ड्रोन घेऊन जातो.

नदी माणसाला काय खायला घालते, हे बघायचं असेल तर उन्हाळ्याच्या तोंडावर नाथसागराच्या कडेनं फिरा. पाणी ओसरलं की गाळाची जमीन उघडी पडते. तिथं गाळपेर होते : गहू, हरभरा, पुढे टरबूज. गाळातल्या ओलीवर पीक निघतं, त्याला कालव्याचं आवर्तन लागत नाही. पाण्यात भोयांची जाळी असतात. मरळ, वाम, रोहू, कतला. गोदेचं अन्न म्हणतात ते हे. धरणानं नदी अडवली तरी या लोकांनी तिच्या चढउताराशी जुळवून घेतलं. आपल्या रीलमध्ये ते नसतात. टरबूज असतं, पण ज्यूस सेंटरवालं.

आणि कालव्यांवर काय आहे? ऊस. ज्वारी-बाजरी, तुरीच्या मुलखात बारमाही पाणी पिणारं पीक. 1979 मध्ये वि. म. दांडेकर आणि दत्ता देशमुख ज्या समितीत होते, तिनं सांगितलं होतं की पाणी आठमाही द्या, म्हणजे ते जास्त शेतांना पुरेल. मोजक्या शेतांना बारा महिने पाणी देण्यापेक्षा अनेकांची दोन पिकं निघू द्या, इतका साधा हिशेब होता. ऊस लावणारा शेतकरी मूर्ख नाही. ज्वारीला ठरलेलं गिऱ्हाईक नाही, उसाला कारखाना आहे. पण म्हणून प्रश्न विचारायचाच नाही का?

आपण तो विचारत नाही. आपण फक्त वर बघून ओरडतो. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं सूत्र आहे. ते आपल्या हक्काचं आहे, भांडून मिळालंय, आणि वरच्यांनी ते टाळायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या तरी आपण मागे हटू नये. पण पाणी एकदा नाथसागरात उतरलं की आपला आवाज बसतो. त्यातलं किती उसाला गेलं, किती औद्योगिक वसाहतींना, शेवटच्या चारीवरच्या माणसाला काय मिळालं, हे कोण विचारतं? 2016 च्या दुष्काळात मद्य कारखान्यांचं पाणी कापायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं. शहराला ते आपण होऊन सुचलं नव्हतं.

आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो. त्या दिवशी आई कामावरून सुट्टी घेते, पिंप भरते आणि धरण किती टक्के भरलं ते पेपरात बघते. धरण भरलेलं आणि पिंप रिकामं, हा हिशेब तिला आजवर कुणी समजावून सांगितलेला नाही. वरच्या धरणांशी भांडून तो सुटणारही नाही.

आवर्तन किती, कधी, कोणत्या पिकाला, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. तिथे मंत्री असतात, आमदार असतात, अधिकारी असतात. गाळपेर करणारी बाई नसते, जाळं टाकणारा भोई नसतो, आठवड्याला एकदा पाणी भरणारी माझी आई नसते. 'गोदाकाठचे' म्हणवून घ्यायचं असेल, तर पुढचं रील त्या बैठकीच्या दारात उभं राहून करू या. आत काय ठरलं ते विचारू, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही.