घराची डागडुजी आणि घरातले मांजर

शिमगा झाला की आमच्या हेदवी परिसरात घराघरांपुढे वाळूचे ढीग आणि चिऱ्यांच्या थप्प्या दिसू लागतात. पावसाळा तोंडावर आलेला असतो, मे महिन्यात मुंबई-पुण्याची मंडळी गावी यायची असतात; त्यामुळे कौले उतरवणे, वाळवी लागलेले वासे बदलणे, न्हाणीघराला टाईल बसवणे, सारवलेली जमीन काढून लादी घालणे ही सगळी कामे याच दिवसांत निघतात. धुळीने उसळलेला दमा, पायावर पडलेला चिरा, डोळ्यात गेलेले सिमेंट असे रुग्ण त्या काळात दवाखान्यात वाढतात. त्यांच्यासोबत आणखी काही जण येतात, ज्यांची कोणी दखल घेत नाही. घरच्याच मांजराने चावलेले किंवा ओरबाडलेले हे रुग्ण बहुधा साठीच्या पुढचे असतात.

मांजराचा विषय आरोग्याच्या सदरात कशासाठी, असे आपल्याला वाटेल. मलाही काही वर्षांपूर्वी तसेच वाटले असते.

जवळच्या एका वाडीत ऐंशीच्या घरातील एक काकू एकट्या राहतात. मुलगे बाहेरगावी असतात. सोबतीला मनी नावाची एक करडी मांजरी. मुलांनी मोठ्या प्रेमाने आईचे घर दुरुस्तीला काढले. दुसऱ्या दिवशी कौले उतरू लागली आणि मनी नाहीशी झाली. "आई, मांजर आहे ते, येईल आपोआप," असे मुलगा म्हणाला आणि गवंड्याकडे वळला. काकू मात्र रात्री उठून हाका मारीत राहिल्या. जेवण निम्म्यावर आले, रक्तदाबाची गोळी दोन वेळा राहून गेली. तिसऱ्या रात्री माजघराच्या वरून बारीक आवाज आल्याचा त्यांना भास झाला. कोणाला न उठवता, बॅटरी घेऊन त्या शिडीकडे निघाल्या आणि वाटेत रचलेल्या लाद्यांना अडखळून पडल्या. मनगटाचे हाड मोडले.

मी पोहोचले तेव्हा काकू हात पोटाशी धरून बसल्या होत्या. हाताविषयी अवाक्षर न काढता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तेवढ्या वरच्या फळ्या काढायला सांगा हो यांना. माझी मनी आत आहे." सुताराने नाखुशीनेच दोन फळ्या उचकटल्या. माळा आणि नवी तक्तपोशी यांच्यामधल्या पोकळीत मनी होती, धुळीने पांढरी झालेली. भीतीने ती तेथे शिरली होती आणि त्याच संध्याकाळी फळ्या ठोकल्या गेल्या होत्या.

यात कोणाचाही दुष्टपणा नव्हता. मांजराला घर म्हणजे काय असते, याचा विचार कोणी केला नव्हता, इतकेच. मांजर आपले घर वासाने ओळखते. खांबाला, दाराच्या चौकटीला, खाटेच्या पायाला ते गाल घासत फिरते तेव्हा गालाजवळच्या ग्रंथींतील वास तेथे ठेवीत असते. या खुणांच्या आधारे त्याला ही जागा सुरक्षित वाटते. आपण चौकट काढतो, खांब घासतो, भिंत खरवडतो, तेव्हा त्या खुणा पुसल्या जातात आणि त्यांच्या जागी अनोळखी माणसे, सिमेंट आणि रंग यांचा वास येतो. आवाजाचे तर विचारूच नका. माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० हजारांच्याही पुढचा. भरतीच्या वेळी आमच्या बामणघळीत पाणी उसळते तो गडगडाट ऐकायला पर्यटक लांबून येतात. किनाऱ्यालगतच्या मांजरांना त्याचे काहीच वाटत नाही, कारण तो त्यांच्या सवयीचा आहे. टाईल कापण्याच्या यंत्राची किंचाळी मात्र त्यांच्या कानांना कशी लागत असेल, याची कल्पना आपण करू शकत नाही. घाबरलेले मांजर उंच आणि अंधाऱ्या जागी दडते. कोकणातल्या घरात अशा जागा म्हणजे माळा, आढ्याजवळची सांद आणि वळचण. काम नेमके तेथेच चाललेले असते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की गवंडी ठरवाल त्याच दिवशी मांजराची खोली ठरवावी. कामापासून सर्वांत लांबची, दार नीट लागणारी, खिडकीला जाळी असलेली एक खोली पुरते. काम सुरू होण्याआधी चार-पाच दिवस त्याचे दूध-भात, मासळी जे काही असेल ते त्या खोलीतच द्यावे. ज्या गोधडीवर ते निजते ती न धुता तिथे आणून ठेवावी. हा एक प्रसंग असा आहे की स्वच्छतेचा आग्रह बाजूला ठेवावा. दडण्यासाठी आडवे ठेवलेले एक खोके, पाण्याचे भांडे आणि त्यापासून दूरच्या कोपऱ्यात कोरडी माती किंवा वाळू भरलेले पसरट घमेले ठेवावे. कामगार येण्यापूर्वी सकाळी मांजर आत घेऊन दार लावावे, दारावर मोठ्या अक्षरांत 'आत मांजर आहे' असा कागद लावावा आणि मिस्त्रींना तोंडानेही सांगावे. काम संपून माणसे गेली, हत्यारे उचलली गेली, की मगच दार उघडावे. मांजर दडून बसले तर ओढून काढू नये. मला दिसलेल्या चाव्यांपैकी बरेचसे असे खाटेखालून ओढून काढतानाच झालेले आहेत.

काम घरभर असेल तर काही दिवस मांजर शेजारी हलवावे लागते. गोणीत घालून नेण्याची आपल्याकडची पद्धत कृपया सोडावी. गोणीत ते गुदमरते, बिथरते आणि तोंड सोडताच जे दिसेल त्यावर तुटून पडते. झाकणाची, हवा खेळणारी जाळीची पेटी आणावी आणि वर कापड टाकावे. अंधारात मांजर शांत राहते.

आता धोक्यांविषयी. तक्तपोशी, नळाचा चर, ओट्याखालची पोकळी असे काहीही बंद करण्यापूर्वी मांजर डोळ्यांनी पाहावे. 'असेल कुठेतरी' हे उत्तर चालणार नाही. राडारोडा नेणाऱ्या टेंपोतही ते जाऊन बसते. विहिरीवरची जाळी कामासाठी काढली असेल तर संध्याकाळी पुन्हा घालावी. वाळूचा ढीग ताडपत्रीने झाकावा, कारण परिसरातील साऱ्या मांजरांना तो आयता शौचकूप वाटतो आणि सुट्टीत आलेली नातवंडे त्याच ढिगात किल्ले करतात. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी व काही जंत मातीत उतरतात. कर्करोगाचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेल्यांनी आणि गर्भवतींनी मांजराचे घमेले स्वतः साफ करू नये.

जुने चिरे हलवले की उंदीर पांगतात आणि त्यांच्या मागावर साप येतात. आपला जिल्हा फुरशांसाठी पूर्वीपासून ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात सरकारने ती मारण्यासाठी बक्षीसही ठेवले होते. रात्री मांजर बाहेर राहिले तर ते थप्पीपाशीच शिकारीला बसणार, आणि त्याला शोधायला अंधारात अनवाणी जाणारे आजोबाही तिथेच पाऊल टाकणार. दिवेलागणीला मांजर घरात, हा नियम दोघांच्याही हिताचा आहे. उंदरांसाठी विष मात्र ठेवू नये. विषाने मेलेला उंदीर मांजर खाते.

मांजर अंग चाटून स्वच्छ करते, त्यामुळे अंगाला लागलेले सारे पोटात जाते. ओल्या सिमेंटवरून किंवा चुन्यातून ते चालले तर पंजे भाजतात. भरपूर साध्या पाण्याने लगेच धुवावेत. केसांना तैलरंग लागला तर टर्पेंटाइन किंवा रॉकेल मुळीच लावू नये. थोडे गोडेतेल चोळून साबणाने धुवावे, वाळला असेल तर तेवढे केस कापावेत. घरगुती रंगातील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित ठेवण्याचा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या दारे-खिडक्यांवर शिशाचा रंग असू शकतो, म्हणून तो कोरडा न घासता ओला करून घासावा आणि ती धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. वाळवीवर फवारणी करणाऱ्याला औषधाचे नाव विचारावे. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन या गटातील औषधे माणसाला व कुत्र्याला बऱ्यापैकी सोसतात, मांजराला सोसत नाहीत. अंग थरथरणे, लाळ गळणे, झटके येणे असे होते. जागा पूर्ण वाळेपर्यंत मांजर तेथे जाऊ देऊ नये. नवी फरशी ॲसिडने धुतली असेल तर पुन्हा दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवावी. मांजराच्या खोलीत फिनेलही नको, साबणाचे पाणी पुरे.

दर हंगामात कोणीतरी मला विचारते, "डॉक्टर, मांजरासाठी झोपेची अर्धी गोळी द्या ना, काम होईपर्यंत निजेल." मी देत नाही. मी माणसांची डॉक्टर आहे. मांजराचे यकृत आपल्यासारखे काम करीत नाही आणि घरच्या डब्यातली साधी पॅरासिटामॉलची गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. फारच घाबरणाऱ्या मांजरासाठी पशुवैद्यांकडे योग्य औषधे असतात. काम सुरू होण्याआधीच त्यांना विचारावे. त्याच भेटीत रेबीजची लसही टोचून घ्यावी. कामाच्या दिवसांत मांजराने दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर वाट पाहू नये, विशेषतः ते लठ्ठ असेल तर, कारण उपासाने त्याच्या यकृतात चरबी साठते. बोका वारंवार लघवीला बसतो पण थेंबही पडत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. भेदरलेल्या बोक्यांत लघवी अडकते आणि एक-दोन दिवसांत ते प्राणावर बेतते.

आणि आपल्याला चावले तर? मांजराचा दात सुईसारखा असतो. वर टिंबाएवढी जखम दिसते, जंतू मात्र आत खोल जातात. जखम नळाखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काही भरू नये, घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रेबीजची लस त्वचेत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी घेतात. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का, तेही विचारावे. मांजर घरचे असले तरी लस सुरू करावी आणि त्याच्यावर १० दिवस लक्ष ठेवावे. मधुमेही आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हाताला सूज किंवा ठणका दिसताच, रात्र असली तरी, डॉक्टरांना दाखवावे. बोटाच्या सांध्यात पू झाला की बोट कायमचे आखडते.

काकूंकडे परत येते. प्लास्टर घालून झाल्यावर त्या मुलाला म्हणाल्या, "अरे, माझी खाटसुद्धा मला न विचारता हलवलीत. रात्री उठले की न्हाणीघर कुठल्या बाजूला तेच कळत नाही मला." मुलगा गप्प झाला. मीही थोडी वरमले, कारण पहिल्याच दिवशी मी त्या घरी रक्तदाब तपासून गेले होते आणि खाटेची बदललेली जागा माझ्याही लक्षात आली नव्हती. वृद्ध माणूस अंधारात घरभर फिरतो तो पावलांच्या सवयीने. विसरभोळेपण सुरू झालेल्यांचा तर तेवढाच आधार असतो. शुश्रूषा करणाऱ्यांनी दुरुस्तीच्या काळात निदान त्यांची खाट, काठी, पाण्याचा तांब्या आणि रात्रीचा दिवा जागच्या जागी ठेवावा. खाटेपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर एकही लादी, एकही वायर नको. वृद्ध व्यक्ती आणि मांजर यांना एकाच खोलीत ठेवले तर दोघेही निवांत राहतात, असा माझा अनुभव आहे. दाराच्या फटीला ओले गोणपाट लावावे म्हणजे धूळ आत येत नाही. फक्त मांजराच्या गळ्यात एक लहानशी घंटी बांधावी, ओढले की सुटणाऱ्या पट्ट्याची. रात्री ते पायात आले तर आधी ऐकू येते.

काकूंच्या घरी उरलेले काम याच पद्धतीने झाले. त्या आणि मनी मागच्या खोलीत दार लावून बसत. काकू एका हाताने वाती वळीत, मनी खोक्यात. काम आटोपल्यावर मनीला एकदम सारे घर मोकळे केले नाही. आधी माजघर, दोन दिवसांनी ओटी, मग पडवी. गालावरून फिरवलेले फडके नव्या खांबांना पुसले. आठवड्याभराने ती स्वतःच त्या खांबांना गाल घासू लागली. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढायला गेले तेव्हा सुताराने तक्तपोशीची एक फळी बिजागरीवर बसवून दिलेली दिसली. काकूंनीच हट्टाने करून घेतली होती. "असू दे उघडायची सोय," त्या म्हणाल्या.