हवा छान आहे, पण वारा कुठला?

सप्टेंबर लागला की इथे मॅसॅच्युसेट्समध्ये कयाकमधून गळ टाकणाऱ्या मंडळींच्या अंगात येतं. 'फॉल रन' सुरू होतो ना! उन्हाळाभर पार मेनपर्यंत वर गेलेले स्ट्राइप्ड बास परतीच्या वाटेला लागतात आणि जो तो सांगत सुटतो की वर्षातला सगळ्यात भारी मोसम हाच. माशांपुरतं म्हणाल तर एकदम मान्य. पण जी हवा या माशांना किनाऱ्याशी आणते तीच हवा कयाकला किनाऱ्यापासून लांब नेते, आणि याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. म्हणून आजचा शनिवारचा रतीब यावर.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: आमची कयाक म्हणजे बारा फुटी प्लास्टिकची होडी, वरच बसायचं, मागे दोन रॉड खोचायचे आणि वल्हवत सुटायचं. इंजिन नाही त्यामुळे आवाज नाही. फूटभर पाण्यातही जाते. स्ट्राइप्ड बास म्हणजे अंगावर सात-आठ काळ्या रेघा असलेला दणकट मासा, आमच्या रायगडातल्या माणसाला जिताड्याची आठवण यावी असा. घरी एकच न्यायचा, तोही २८ ते ३१ इंचांच्या मधला (वरची मर्यादा २०२३ मध्ये ३१ वर आणली), त्यामुळे बहुतेक वेळा पकडा आणि सोडा असाच कार्यक्रम असतो.

पाणी गार व्हायला लागलं, दिवस लहान झाले की खाड्यांमध्ये उन्हाळाभर वाढलेली बारकी मासळी बाहेर पडते. त्यात मेनहेडनची पिल्लं असतात, आपल्या तारलीसारखा तेलकट मासा. खाडीच्या तोंडाशी बास आणि ब्लूफिश वाटच बघत असतात. ओहोटीला पाणी बाहेर वाहू लागलं की तिथे अक्षरशः उकळी फुटते, वर पक्ष्यांचा कलकलाट. आणि हे सगळं किनाऱ्यापासून दोनशे-तीनशे मीटरवर, म्हणजे कयाकच्या बरोब्बर टप्प्यात. मोह होणारच.

आता वाऱ्याकडे येऊ. मी जातो ती जागा बझर्ड्स बे, केप कॉडच्या पश्चिमेचा उपसागर. त्याचं तोंड नैऋत्येला. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, आठवतंय? उन्हाळ्यात इथे खाऱ्या वाऱ्याचं राज्य असतं. सकाळी पाणी शांत, दुपारी जमीन तापली की नैऋत्येकडून दणकून वारा, संध्याकाळी परत शांत. बारापर्यंत परत या, विषय संपला. शिवाय तो वारा समुद्राकडून आत येणारा. अगदीच दमलात तर कुठल्यातरी किनाऱ्याला नेऊन लावेल.

शरदात हे वेळापत्रक मोडतं. एकामागून एक कोल्ड फ्रंट येऊ लागतात. फ्रंटच्या आधी वारा नैऋत्येचा, आभाळ भरलेलं, हवा दमट. फ्रंट गेला की काही तासांत वारा फिरून वायव्येचा होतो आणि आकाश धुऊन काढल्यासारखं निळंशार. नेमका हाच दिवस बघून लोक कयाक गाडीवर चढवतात! आपण मराठी माणसं तर यात जास्तच फसू. आपल्या डोक्यात शरद म्हणजे निवळलेलं पाणी, कोजागिरीचं चांदणं, पावसाचा धिंगाणा संपल्याची खूण. इथे मात्र निरभ्र आकाश बऱ्याचदा त्या आठवड्यातल्या सगळ्यात वाऱ्याच्या दिवसाचं असतं.

आणि वायव्येचा वारा दिसत नाही, हा त्याचा खरा कावेबाजपणा. मॅटापॉइसेट, फेअरहेवन हा पट्टा उपसागराच्या वायव्य बाजूला आहे, म्हणजे हा वारा तिथे जमिनीवरून पाण्याकडे जातो. मतलई वाराच म्हणा, फक्त दिवसभर चालणारा आणि राक्षसी. लाट तयार व्हायला वाऱ्याला पाण्यावर धावायला अंतर लागतं. किनाऱ्याशी ते अंतर शून्य, शिवाय झाडांचा आडोसा, त्यामुळे तिथे पाणी काचेसारखं. अर्धा किलोमीटर बाहेर गेलं की लाटा उठायला लागतात. जाताना वारा पाठीशी असल्यामुळे आपण आज काय झकास वल्हवतोय असं वाटत राहतं. मागे वळल्यावर हिशेब कळतो. समोरचा किनारा दहा-बारा किलोमीटर लांब.

मेकॅनिकलची डिग्री घेऊन जावा लिहिणाऱ्या माणसाला कधीतरी फ्लुइड मेकॅनिक्स उपयोगी पडतं ते असं: वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा नॉटचे वीस झाले तर जोर दुप्पट नाही, चौपट. शांत पाण्यात माझा वेग तीन-साडेतीन नॉट. समोरून पंधरा नॉटचा वारा असला की तो अर्ध्यावर येतो. वीसला तर हापिसातल्या जिममधल्या रोइंग मशीनवर बसल्यासारखं होतं, घाम भरपूर आणि प्रवास शून्य. त्यात शरदात पाणी गरम आणि वरून आलेली हवा थंड. अशी हवा स्थिर राहत नाही, वरचा जोरदार वारा झोतांनी खाली उतरतो. म्हणून अंदाजात पंधरा नॉट लिहिलं असेल तर मी झोतांचा आकडा बघतो, तो बाविसच्या पुढे असतो बऱ्याचदा. 'स्मॉल क्राफ्ट ॲडव्हायझरी' नाही ना, मग चला, असं म्हणणारे भेटतात. अहो, ती साधारण २५ नॉटला लागते. ती आपल्या बारा फुटी प्लास्टिकसाठी लिहिलेली नाही!

(गळवाल्यांचा आवडता सिद्धांत: फ्रंटच्या आधी हवेचा दाब पडतो म्हणून मासे खायला लागतात. मला पटत नाही. दाब वीस हेक्टोपास्कल पडला तरी तो पाण्यात वीस सेंटिमीटर खाली-वर होण्याइतकाच फरक. इथली भरतीच मीटरभर असते. ढगांमुळे उजेड कमी होतो हे कारण मला जास्त पटतं. असो.)

वाऱ्याइतकाच दुसरा मुद्दा पाण्याच्या तापमानाचा. सप्टेंबरमध्ये इथलं पाणी वीस अंशांच्या आसपास असतं, ऑक्टोबर संपताना चौदा-पंधरा, नोव्हेंबर संपताना नऊ-दहा. बाहेर मात्र ऑक्टोबरातही टी-शर्टचे दिवस येतात. पंधराच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की पहिला धक्का श्वासाला बसतो, धाप लागते, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच खेळ संपू शकतो. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीझब्रेख्ट यांचं अतिथंड पाण्यासाठीचं सूत्र प्रसिद्ध आहे: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे गारठून मरायच्या कितीतरी आधी बोटं कयाकवर परत चढण्याच्या लायकीची राहत नाहीत. १५ सप्टेंबर ते १५ मे लाइफ जॅकेट अंगात हवंच, असा इथला कायदा आहे. तरी ते बुडाखाली उशी म्हणून घेणारे महाभाग मी पाहिले आहेत.

धुकं वेगळंच. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये केप कॉडच्या दक्षिणेला दोन कॉलेजवयीन मुली कयाक घेऊन निघाल्या, धुक्यात हरवल्या आणि परत आल्या नाहीत.

मागे एकदा आईने फोनवर विचारलं, "तुमच्याकडे होड्या कधी ओढून ठेवतात रे?" प्रश्न साधा होता, पण मी अडखळलो. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, आणि कायदा यायच्या कितीतरी आधीपासून नारळीपौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोळी समुद्रात जात नव्हते. समुद्र कधी बंद आणि कधी उघडा हे अख्ख्या गावाने मिळून ठरवलेलं. एकट्याच्या हौसेवर सोडलेलं नाही. आणि तेही पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जगणाऱ्या लोकांनी! इथे आमच्यासारखे सोमवार ते शुक्रवार खुर्चीत बसणारे लोक, आणि समुद्र बंद करायला कोणी नाही.

म्हणून माझं म्हणणं: ड्रायसूट नसलेल्या हौशी माणसाने पाणी पंधराच्या खाली गेलं की कयाक गराजमध्ये उलटी करून ठेवावी, मासे असोत वा नसोत. वुड्स होलच्या भरती-ओहोटी स्टेशनवर पाण्याचं तापमान मिळतं, अंदाजपंचे करायची गरज नाही. यावर माझा गळवाला कलीग म्हणतो, "टाउटॉग तर नोव्हेंबरातच लागतो, ड्रायसूट घे की." खरं आहे त्याचं. खडकात राहणारा तो मासा ऑक्टोबर-नोव्हेंबरात खेकड्याच्या आमिषाला छान लागतो. पण चांगला ड्रायसूट हजार डॉलरच्या घरात जातो, आणि तो थंडीवरचा इलाज आहे, वाऱ्यावरचा नाही. शिवाय नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेपाचच्या पुढचा सूर्यास्त एका रात्रीत साडेचारवर येतो. टाउटॉग खायचाच असेल तर इंजिनवाल्या मोठ्या बोटीचं तिकीट काढून जावं. मी तसंच करतो, वर गरम कॉफीही मिळते.

उद्याचा अंदाज आत्ताच बघितला. ऊन, सतरा अंश, वायव्य १८ नॉट, झोत २८ पर्यंत. सोमवारी वारा पडतोय, पण सोमवारी रिलीज आहे.