गीझर चालू, पाणी मात्र गार

जानेवारीत दिल्लीचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. अशा सकाळी गीझरने दगा दिला, की शाळा-ऑफिसची सारी घाई न्हाणीघराच्या दारातच अडते.

आधी थोडा धीर धरावा. २००० वॅटच्या गीझरला १५ लिटर पाणी १२ अंशांवरून ५० अंशांवर न्यायला सुमारे २० मिनिटे लागतात. मुंबईच्या सवयीने लवकर नळ सोडला, तर तो गीझरचा दोष नव्हे! मग एमसीबी पडला आहे का, ते पाहावे. हा गीझर जवळजवळ ९ अँपियर वीज ओढतो. त्यामुळे सॉकेट १६ अँपियरचेच हवे. प्लग काळवंडला असेल तर गीझर लावूच नये.

वीज ठीक, तरीही पाणी कोमटच? गुरुग्राम, फरिदाबादमध्ये ज्या घरांत बोअरवेलचे पाणी येते, तिथे पहिला संशय क्षारांवर घ्यावा. पाणी तापताना त्यांचा पांढरा थर कॉइलवर बसतो. उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि कॉइल शेवटी जळते. टाकी दिवाळीपूर्वीच साफ करून घेतलेली बरी.

कधी थर्मोस्टॅट बिघडतो आणि कटआउट वीज तोडतो. घाईतला मेकॅनिक कटआउट वगळून तारा थेट जोडतो, म्हणतो, "डायरेक्ट कर दिया जी." पाणी कढत येते, घर खूश! पण आता पाणी उकळू लागले तरी वीज तोडणारे काही उरलेले नसते. सेफ्टी व्हॉल्व्हही क्षारांनी अडकला असेल, तर टाकी फुटू शकते. नवा थर्मोस्टॅट आणि कटआउट बसेपर्यंत पाणी गॅसवर पातेल्यातच तापवावे.