केबल घेण्याआधी भिंतीकडे पाहा

इलेक्ट्रिक गाडी बुक झाली की घरात चर्चा सुरू होते ती केबलची. किती मीटरची घ्यावी, साडेतीन किलोवॉटची की सातची, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. ती ज्या सॉकेटात खोचायची त्याच्यामागे भिंतीत कोणती वायर आहे, हे विचारणारे फार थोडे. माझ्या मते घरच्या चार्जिंगची केबल गाडीकडे बघून ठरवूच नये. ती पार्किंगमधला वीजपुरवठा बघून ठरवावी, आणि हातातले पैसे आधी तिथे घालावेत.

याचे कारण प्लगमध्येच आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना लागणाऱ्या टाइप-२ प्लगला सात पिना असतात. त्यांतल्या पाच वीज वाहण्यासाठी, म्हणजे तीन फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. उरलेल्या दोन लहान पिना निरोप पोचवतात. पुरवठा किती अँपिअर देऊ शकतो हे एकीवरून गाडीला कळते. दुसरीला जोडलेला छोटा रेझिस्टर केबलची ताकद सांगतो. २२० ओहमचा असेल तर ३२ अँपिअर, ६८० चा असेल तर २०. त्यापुढे गाडी जात नाही. गाडीतला चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल, तर ३२ अँपिअरची महाग केबल लावूनही चार्जिंग त्याच वेगाने होते. पण ही सगळी देवाणघेवाण केबलपाशी संपते. पंधरा अँपिअरच्या तीन पिनी सॉकेटात खोचायच्या पोर्टेबल चार्जरला आपल्या पिनेपलीकडे काय आहे, हे कळत नाही. चांगल्या चार्जरच्या पिनेत तापमान मोजणारा सेन्सर असतो, त्यासाठी जास्त पैसे जरूर द्यावेत. मात्र भिंतीतल्या वायरीचा सैल जोड त्यालाही दिसत नाही.

गीझर वर्षानुवर्षे त्याच सॉकेटावर चालतो, मग गाडीचेच एवढे काय, असे कोणी म्हणेल. गीझर साधारण तेवढाच करंट ओढतो, पण वीस मिनिटांत बंद होतो. ३० युनिटांची बॅटरी पूर्ण भरायला ३.३ किलोवॉटवर नऊ-दहा तास लागतात. त्यात एक्स्टेंशन आले की हिशेब आणखी बिघडतो. दीड एमएमच्या वायरीचे ३० मीटर एक्स्टेंशन धरा. वीज जाऊन परत येते, म्हणजे तांबे ६० मीटर. त्याचा रोध ०.७ ओहमच्या आसपास. १५ अँपिअरला त्यात दीडशे वॉटहून अधिक उष्णता तयार होते, तीही रात्रभर. वायर गुंडाळून ठेवलेली असेल तर ती उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. सॉकेटाच्या भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी पडलेले दिसते, ते याचेच लक्षण.

सोसायटीत मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन ओढणे खर्चाचे असते आणि कमिटीची परवानगीही लागते, हा आक्षेप खरा आहे. पण तो खर्च एकदाच होतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी २०१८ मध्येच घरच्या खासगी चार्जिंगला मुभा दिली आहे, त्यामुळे कमिट्यांनी अडवण्यापेक्षा वायरिंग कसे असावे याचे नियम घालून द्यावेत. लाइन गाडीपर्यंत आली की पाच मीटरची केबल पुरते.

पुढची गाडी जास्त वेगाने चार्ज होणारी असेल तर काय, याचेही उत्तर भिंतीतच आहे. आज सहा एमएमची तांब्याची लाइन टाकून ठेवा, केबल नंतर घेता येईल. एरवी रोज ४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला सहा युनिटांच्या आसपास वीज लागते, म्हणजे साध्या चार्जरवर दोन तास. रोज दीड-दोनशे किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवाल्याला सात किलोवॉट खरोखर हवेत; त्याने आधी मंजूर लोड वाढवून घ्यावा.

म्हणून गाडी ताब्यात घेण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलवा. स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि अर्थिंग त्याच्याकडून तपासून घ्या. पहिल्या दिवशी तासाभराने चार्जिंग थांबवून पिनेला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर सॉकेट बदला. आणि ही व्यवस्था होईपर्यंत सार्वजनिक चार्जरवर जा, पण घरात एक्स्टेंशन बोर्डावर गाडी एक रात्रही लावू नका.